त्याच्या वाऱ्याला

आमच्या घरात एक वाक्य मी आठवीत असल्यापासून ऐकत आले होते : “त्या माणसाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.” तो माणूस म्हणजे आमच्या परड्यापलीकडच्या शेताचे मालक. मी त्यांना काका म्हणायचे, पण मनातल्या मनात. मोठ्याने हाक मारायची वेळ येतच नव्हती.

भांडण दीड फुटाचं. कंपाउंडसाठी खांब रोवायला काढले तेव्हा पप्पा म्हणाले, हद्दीचा दगड दीड फूट आमच्याकडे सरकवलाय. काका म्हणाले, दगड माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे तिथंच आहे. दोघांनी बांधावर उभं राहून यथेच्छ शिवीगाळ केली, एकाने मराठीत आणि दुसऱ्याने अर्धी कानडीत. खांब गंजत पडून राहिले आणि बोलणं बंद झालं. गावातल्या लग्नात समोरासमोर आले तरी दोघंही मांडवाकडे बघायचे.

आमचं घर बेळगावपासून खानापूरच्या बाजूला, बसने पाऊण तासावर. पप्पा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सत्तावीस वर्षं टर्नर होते. तिथलं काम कमी झालं आणि ते घरी आले. पहिले काही महिने ते सकाळी सहाला उठून, अंघोळ करून, शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कुठे जायचं नसायचं. ममी चहा द्यायची, तो थंड व्हायचा. घरात कोणी ओरडलं तर सहन होतं. पप्पांचं ते गप्प बसणं सहन होत नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी भंगारातून जीआय पाइप आणले, ते स्वतः वाकवले आणि परड्यात कमानी उभ्या केल्या. २४ फूट लांब, १२ फूट रुंद. वर २०० मायक्रॉनचा पांढुरका प्लास्टिकचा कागद, बाजूला जाळी आणि गुंडाळता येणारे पडदे. पप्पा त्याला ‘पॉलिहाऊस’ म्हणत, ममी ‘प्लास्टिकची खोली’, आणि आजी ‘काचघर’. काच त्यात औषधालाही नव्हती.

आत पॉइन्सेटिया. नाताळात वेदीपाशी आणि गोठ्याभोवती ठेवतात ती लाल झाडं. ते लाल म्हणजे फूल नसतं, पानंच असतात. खरं फूल मध्ये बारीक पिवळं. झाड मूळचं मेक्सिकोचं. त्याची गंमत अशी की, रात्र लांब झाली आणि रात्रभर सलग काळोख मिळाला तरच पानं रंग धरतात. मध्येच दिवा लागला की झाड हिरवंच राहतं. म्हणून ऑक्टोबर लागला की पप्पा मागच्या दाराचा बल्ब काढून खिशात घालत. आजीला रात्री बाथरूमला जायचं तर दारात मेणबत्ती. “तुझ्या झाडांपायी मी पडून मरीन,” ती म्हणायची. पण सकाळी पहिली तीच कोणत्या पानाला रंग आला ते बघायला जायची.

दोन हिवाळे छान गेले. पहिल्या वर्षी चाळीस कुंड्या, दुसऱ्या वर्षी ऐंशी. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, दोन चर्चेस आणि एका नर्सरीकडून मिळून दीडशे कुंड्यांची ऑर्डर आली. पप्पांनी आगाऊ रक्कम घेतली आणि नवीन कुंड्यांत घातली. ते जेवताना बोलायला लागले होते. आमचं पॉलिहाऊस किती मजबूत आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाइप हलवून दाखवायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या उसाला कारखान्याची तोड आली. टोळी आली, दोन दिवस कोयते चालले, ट्रॉल्या भरून गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत परड्यात आले तर पूर्वेकडे एकदम उजेड. पलीकडचा माळ, त्यापलीकडची झाडं, सगळं दिसत होतं. “किती मोकळं मोकळं वाटतंय!” मी म्हटलं. तेव्हा घरात कोणालाही दुसरं काही सुचलं नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला आमचं घरच आडवं आहे. हिवाळ्यात तो फिरतो आणि पूर्वेकडून येतो, कोरडा आणि थंड. तोड झाल्यानंतर चार दिवसांनी तो रात्री सुटला. आधी कागदाची बारीक फडफड, मग कोणीतरी ओल्या चादरी दगडावर आपटावीत तसा आवाज. पप्पा बॅटरी घेऊन धावले. दार उडालं होतं. वारा आत शिरला की पॉलिहाऊसची छत्री होते. आतून वारा वर ढकलतो आणि कमानीवरून जाणारा वारा बाहेरून वर ओढतो. पाइप जागेवर राहिले, पण कागद एका बाजूने उसवत गेला. सकाळी मोजलं तर तीस कुंड्या गेल्या होत्या.

पप्पा खचले नाहीत. चिडले. “वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो,” असं म्हणत त्यांनी नवीन कागद आणला, आणि पॉलिहाऊसपासून चार फुटांवर पत्र्यांची सात फुटी भिंत उभी केली. ते तेच गंजलेले कंपाउंडचे खांब होते. भिंत उभी राहिल्यावर त्यांनी तिच्यावर थाप मारली. “आता ये म्हणावं.”

तो आला. पाच दिवसांनी. पत्र्यावर आपटलेला वारा थांबत नाही हे आम्हाला त्या रात्री कळलं. तो वर चढतो, भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली कोसळतो. आमचं पॉलिहाऊस नेमकं त्या कोसळण्याच्या जागी होतं. कागद या वेळी बाजूने उसवला नाही, माथ्यावर फाटला. एक पत्रा सुटून आत पडला. आणखी सव्वीस कुंड्या.

नाताळाला बारा दिवस उरले होते. पप्पा उलट्या बादलीवर बसले होते. “पाइप भंगारात घालू,” ते म्हणाले, “आणि पैसे परत करू.” हे ते शांतपणे म्हणाले, ओट्यावर बसायचे त्या आवाजात. मला रडू आलं ते कुंड्यांसाठी नव्हतं.

कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी त्या दिवशी भाषाशास्त्राऐवजी फोनवर वाऱ्याबद्दल वाचलं. जवळपास सगळं इंग्लंडातल्या बागांबद्दल होतं. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती : भिंतीपेक्षा जाळी बरी. अर्धा वारा जाऊ देईल आणि अर्धा धरेल असं काहीतरी हवं, आणि ते थोडं लांब हवं. जाळीच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वारा मंद राहतो. घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “जाळीतून वारा येणारच की. मग जाळी कशाला?” शिवाय लांब म्हणजे कुठे? पूर्वेला आमची जागा चार फुटांवर संपते. पुढे त्या माणसाचं रान.

संध्याकाळी तो माणूस आमच्या मागच्या दारात उभा होता. हातात आमचा फाटका कागद, नीट चौकोनी घडी घातलेला.

“हे माझ्या रानात आलंय तुमचं,” काका म्हणाले.

पप्पांनी घडी घेतली. “ठेवा” म्हणाले नाहीत, “बसा” म्हणाले नाहीत. काका जायला वळले, मग थांबले. पत्र्यांकडे बघितलं.

“हे काय करायलाय तुम्ही?”

कोणी बोलेना. आजी आतून म्हणाली, “वारा अडवतोय रे बाबा.”

“वाऱ्याला आडवायचं नसतंय, आजी. दमवायचं असतंय. केळीच्या बागेला भोवतीनं शेवरी लावतेत, ती काय भिंत असती का? पानापानातनं वारा जातोय, आणि जाता जाता दमतोय. ऊस होता तोवर तुमाला कळलं न्हाई.”

ऊस होता तोवर. मी पप्पांकडे बघितलं. दोन हिवाळे पाइप हलवून दाखवत होतो आम्ही, आणि आमचं पॉलिहाऊस उभं होतं ते काकांच्या उसाच्या आडोशाने. ज्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नव्हतं, त्याच्याच आडोशाला आम्ही उभे होतो. पप्पांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. ते बराच वेळ घडीच्या कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, “चहा घेऊन जा.”

काका चहाला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पहार घेऊन आले.

जाळी त्यांच्या शेतात उभी राहिली, पॉलिहाऊसपासून पंचवीस फुटांवर. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, नऊ फूट उंच, आणि दोन्ही टोकांना पॉलिहाऊसपेक्षा लांब, कारण वारा कडेने वळसा घालून येतो. खांब अडीच फूट खोल, मागून तारेचे ताण. मग आतलं काम. कागद बदलायचा तो भर दुपारी, वारा पडलेला असताना. ऊन्हात प्लास्टिक सैल पडतं, तेव्हाच ओढून बसवला की रात्री गारव्याने आणखी ताठ होतो. ताठ कागद फडफडत नाही, आणि फडफडला नाही की फाटत नाही. खालची कड फूटभर खोल चरात मातीने दाबली. कमानींवरून आडव्या-तिडव्या दोऱ्या बांधल्या. लहान भोकांना यूव्हीची चिकटपट्टी. साधी खाकी पट्टी आम्ही पहिल्यांदा लावली होती, ती चार दिवसांच्या उन्हात सुटली. दाराला दोन कड्या. वारा सुटला की पूर्वेचा पडदा आणि दार आधी बंद, मग बाकीचं.

दोन दिवस दोघं शेजारी शेजारी काम करत होते. बोलणं फक्त “पहार द्या”, “तार ओढा” एवढंच. मी खिळे द्यायला उभी होते. काका कानडीत पुटपुटताना ‘गाळी’ म्हणायचे. म्हणजे वारा. मराठी कानाला तो शिवीगाळीचा अर्धा भाग वाटतो. आठ वर्षांपूर्वी याच बांधावर काय काय बोललं गेलं होतं ते मला आठवलं आणि हसू आलं. इंग्रजीत अशा जाळीला ‘विंडब्रेक’ म्हणतात, वारा मोडणारी. काकांचा ‘दमवणं’ हा शब्द मला जास्त बरोबर वाटला.

वीस तारखेच्या रात्री पुन्हा वारा आला. आम्ही सगळे जागे होतो. जाळी घुमत होती, शिट्टी घातल्यासारखी. पप्पा आत जाऊन उभे राहिले आणि मला बोलावलं. काळोखातच, कारण बल्ब अजून त्यांच्या खिशात. मी पानांवर हात ठेवला. ती थरथरत होती, पण फक्त थरथरत होती.

चौऱ्याण्णव कुंड्या वाचल्या. ब्याण्णव दिल्या, उरलेल्यांचे पैसे पप्पांनी स्वतः जाऊन परत केले. नर्सरीवाल्याने पुढच्या वर्षाचं विचारलं. राहिलेल्या दोनपैकी एक कुंडी आमच्या घरातल्या वेदीपाशी ठेवली. दुसरी पप्पांनी नाताळच्या सकाळी मिस्सेहून आल्यावर, कुस्वाराच्या ताटासकट, बांध ओलांडून नेली. ते परत आले तेव्हा ताटात गूळ आणि मसुराची पिशवी होती. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. दगड अजून दीड फूट सरकलेलाच आहे, असं पप्पा म्हणतात. काकाही हटलेले नाहीत. फक्त जूनमध्ये त्या दगडाच्या दोन्ही बाजूंना शेवरीचं बी टाकलं गेलं, आणि ते कोणाच्या जागेत आहे हे कोणी मोजलं नाही. आता ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत.

हे लिहितेय तेव्हा खोडव्याचा ऊस पुन्हा उंच झालाय आणि पॉइन्सेटियाच्या वरच्या पानांना लाली येतेय. काल पप्पा जेवताना म्हणाले, “जरा काकांकडे जाऊन ये. तोड कधी येणार आहे विचार. आधी कळलं तर जाळीचे ताण बघून घेतो.”

मी परड्यातून, मोठ्याने हाक मारतच गेले.