कोरडी नदी

मुलांनो, नदी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर वाहते पाणी येते ना? मला आवडणारी एक नदी मात्र बहुतेक दिवस कोरडीच असते. तिचे नाव टॉड. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, अॅलिस स्प्रिंग्ज या गावातून ती जाते.

तिच्या पात्रात वाळूच वाळू असते. तरी तेथील निलगिरीची उंच झाडे हिरवी राहतात. वाळूखाली पाणी असते आणि त्यांची मुळे ते शोधून काढतात. अरेर्न्त लोक हजारो वर्षांपासून येथे राहतात. ते यांतील काही झाडे पवित्र मानतात.

१९६२ साली येथे होड्यांची शर्यत सुरू झाली. या होड्यांना तळ नसतो. खेळाडू होडी हातांत धरून वाळूत धावतात! १९९३ साली नदीला पाणी आले, म्हणून शर्यतच रद्द झाली. आहे की नाही गंमत?

पण डोंगरांत जोराचा पाऊस झाला की हीच नदी गावात पूर आणते. ते पाणी समुद्राला मिळत नाही, पुढे वाळवंटात जिरते.

तुमच्या गावची नदीही उन्हाळ्यात आटत असेल. तिला मेलेली समजू नका. तिच्या पात्रात कचरा टाकू नका, घरे बांधू नका. ती आपल्या वाटेने परत येणार आहे.