एक टेस्लावर थांबताना

निओडिमियम-लोह-बोरॉनचे सुपारीएवढे दोन तुकडे बोट मध्ये सापडलं तर रक्त काढतात. अशा तुकड्यांचं कडं रचणं हे आमचं काम. प्रत्येकाची चुंबकदिशा शेजाऱ्यापेक्षा थोडी वळवलेली. कड्याभोवती एक फेरी होते तोवर ती दिशा दोनदा पुरी फिरते. त्यामुळे क्षेत्र आतल्या पोकळीत एकवटतं, बाहेर जवळपास काही उरत नाही. बर्कलीच्या क्लाउस हालबाख यांनी १९८० साली ही रचना मांडली ती कणत्वरकांच्या कामासाठी. टेबलावर मावणारी अनेक एनएमआर यंत्रं, म्हणजे नमुन्यातल्या अणुकेंद्रांची चुंबकक्षेत्रातली वारंवारता मोजणारी यंत्रं, आज तिच्याच जोरावर चालतात. क्षेत्र टिकवायला ना द्रव हीलियम लागतं, ना वीज.

शेवटचा तुकडा बसवणं हा मात्र वैताग. खोबणीच्या तोंडाशी आणला की गर्रकन फिरून उलटा चिकटायला बघतो. मग पितळी स्क्रूनं, अर्धा अर्धा आटा फिरवत, तो आत रेटायचा. लोखंडी पाना त्या टेबलाच्या आसपासही नको.

क्षेत्राचा हव्यास सगळ्यांनाच. पण ते बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनं वाढतं. पोकळी तेवढीच ठेवून गुणोत्तर २ वरून ४ वर नेलं, तर क्षेत्र दुप्पट आणि वजन पाचपट! मी एक टेस्लाच्या आसपास थांबतो.

खरा घाम निघतो तो क्षेत्र एकसारखं करताना. एकाच खोक्यातल्या तुकड्यांच्या ताकदीत टक्काभर फरक सहज असतो, आणि नमुन्याच्या जागी दहा लाखांत एका भागाचा फरकही आम्हाला जड जातो. म्हणून एकेक तुकडा हॉल प्रोबखाली मोजायचा, वहीत टिपायचा, सारख्या ताकदीचे समोरासमोर बसवायचे. उरलासुरला फरक बारीक चुंबकपट्ट्या केसभर सरकवून मारायचा.

एवढं करूनही उष्णता आहेच. निओडिमियमच्या चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.११ टक्के घटते. एक टेस्लात प्रोटॉनची वारंवारता ४२.५८ मेगाहर्ट्झ. पारा एक अंश चढला की ती जवळपास ४७ किलोहर्ट्झनं घसरते, आणि प्रोटॉनचा नेहमीचा अख्खा वर्णपट मावतो जेमतेम ५०० हर्ट्झमध्ये. समेरियम-कोबाल्ट तापमानाला बरंच कमी बिचकतं, पण महाग आणि ताकदीला उणं. त्यामुळे आम्ही चुंबक खोलीपेक्षा किंचित गरम ठेवतो आणि त्याच तापमानावर बांधून टाकतो.

असं यंत्र घ्यायला जाल तेव्हा टेस्लाचा आकडा नंतर विचारा. आधी एसी बंद करायला सांगा आणि तासाभरानं तोच नमुना पुन्हा लावून बघा.