दाट राखेची लाइन

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात राखेची पाइपलाइन सांभाळणं हे माझं काम. आपला कोळसाच राखेचा; शंभर टन जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. ती पाण्यात कालवून बंधाऱ्यावर पोचवायची. 100 टन राखेची 20 टक्क्यांची पातळ स्लरी केली तर 400 टन पाणी लागतं, 65 टक्क्यांची दाट केली तर 54 टनांत भागतं. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतून टँकर फिरत असताना ते 400 टन माझ्या जिवाला लागायचे. म्हणून दाट स्लरीची लाइन आली तेव्हा ती मी मागून घेतली.

पातळ स्लरी जोरात पळवावी लागते. वेग पडला की राख तळाशी बसते. शिवाय पाइप खालून झिजतो, म्हणून तो अधूनमधून फिरवून बसवावा लागतो. दाट स्लरी संथ सरकते. मात्र एका मर्यादेपर्यंत कितीही रेटा, ती तसूभर हलत नाही. ही मर्यादा म्हणजे यील्ड स्ट्रेस. समजा तो 40 पास्कल आहे आणि पाइपचा व्यास 250 मिलिमीटर, तर नुसतं जागचं हलवायलाच किलोमीटरमागे 6.4 बार दाब हवा. चार किलोमीटरला जवळपास 26 बार. वाहण्याचा खर्च त्यापुढचा.

एका रात्री फीडर ट्रिप झाला. स्लरीचा पंप थांबला, आणि लाइन धुवायचा पाण्याचा पंपही त्याच फीडरवर होता. वीज आल्यावर पंप लावला तर गेजचा काटा चढतच गेला. फ्लो मीटर शून्यावर.

"साहेब, आता रेटू नका, पाइप फुटंल," आमचे जुने फिटर मामा म्हणाले. ते हातोडीने पाइप ठोकत निघाले. रिकामा पाइप खणखणतो, भरलेला बद वाजतो. वळणाजवळ त्यांनी खूण केली. दाब उतरवून फ्लँज खोलला. आत पाइपच्या आकाराचा राखाडी गोळा उभा होता, गार झालेल्या पिठल्यासारखा. बोट खुपसलं तर खळगा तसाच राहिला. मामांनी सळईने जोरात ढवळलं, तसा तोच गोळा सैल होऊन ओघळला. ढवळलं की पातळ, उभं राहिलं की घट्ट. थांबलेल्या लाइनमध्ये मिनिटागणिक यील्ड स्ट्रेस वाढतो, तो असा. मग लाइनचे तुकडे पाडून एकेक तुकडा पाण्याने धुतला. सकाळ झाली.

अशा वेळी मोठा पंप मागायची सगळ्यांना घाई असते. मला ते पटत नाही. 60 टक्क्यांच्या पुढे दोन-तीन टक्के राख वाढली तरी रोध कित्येक पटींनी चढतो. तिथे पंपापेक्षा पाण्याचा वॉल्व्ह महत्त्वाचा. घनतेचा आकडाही पुरत नाही, कारण राख जास्त बारीक आली की तेवढ्याच घनतेला लगदा अधिक ताठ होतो. म्हणून दर शिफ्टला बादलीभर नमुना काढून तो किती पसरतो ते आम्ही पाहतो. पाण्याच्या पंपासाठी वेगळा फीडर मात्र भांडून मिळवावा लागला.