टार्गेट? फक्त १४५ मीटर!

थिंफूमध्ये ऑफिस सुटल्यावर मंडळी काय करतात? काही जण सरळ धनुष्य उचलतात आणि मैदान गाठतात. अशाच एका संध्याकाळच्या प्रॅक्टिसची ही गोष्ट...

भूतानला जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. पारोचं टायगर्स नेस्ट, दोचुला पासवरचे १०८ स्तूप आणि थिंफूच्या चौकात हातवारे करून गाड्या सोडणारा ट्रॅफिक पोलिस. लिस्ट ठरलेली! तिच्यात एक जागा हमखास सुटते. चांगलिमिथांग स्टेडियमला लागून असलेलं तिरंदाजीचं मैदान.

जागेला इतिहास आहे. १८८५ मध्ये इथेच झालेली लढाई उग्येन वांगचुक यांनी जिंकली आणि पुढे १९०७ मध्ये ते भूतानचे पहिले राजे झाले. चौथ्या राजांच्या राज्याभिषेकासाठी १९७४ मध्ये इथे स्टेडियम उभं राहिलं. पण मैदानावर हे कुणी सांगत बसत नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, समोरच्या टोकाला रोवलेल्या लाकडी फळीकडे.

ही फळी उंचीला साधारण एक मीटर आणि रुंदीला जेमतेम एक फूट. आणि अंतर? जवळपास १४५ मीटर! ऑलिम्पिकमध्ये तिरंदाज ७० मीटरवरून नेम धरतात, म्हणजे इथे त्याच्या दुप्पट. अजून सोपं करून सांगते. क्रिकेटच्या सात पिचेस एकापुढे एक अंथरा, एका टोकाला उभे राहा आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेली पाटी उडवा. जमेल?

भूतानी माणसाला हे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं. १९७१ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, त्याच वर्षी तिरंदाजी अधिकृत राष्ट्रीय खेळ ठरली. १९८४ मध्ये भूतान पहिल्यांदा ऑलिम्पिकला उतरलं ते याच खेळात, आणि २००८ पर्यंत दुसऱ्या कुठल्याच खेळात उतरलं नाही. मेडल मात्र आजवर एकही नाही. ऑलिम्पिकची तिरंदाजी म्हणजे पिन-ड्रॉप सायलेन्स, ठरावीक सेकंद, चेहऱ्यावरची माशी न हलवता सोडलेला बाण. थिंफूची तिरंदाजी म्हणजे... थांबा, तिकडेच जाऊ.

ऑफिस सुटलं रे!

वीकडेची संध्याकाळ. मैदानावर पंधरा-वीस जण जमलेले. बहुतेक जण ‘घो’मध्ये, म्हणजे गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पारंपरिक झग्यात, कारण सरकारी ऑफिसात हाच पोशाख असतो. खाली लांब मोजे आणि चकाचक शूज. एकाच्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अजून तसंच लटकत होतं. हातात मात्र पुली आणि केबल लावलेली कंपाउंड धनुष्यं. बांबूचं धनुष्य आजही वापरलं जातं, पण शहरात हवा कंपाउंडचीच. (आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती कंपाउंडमध्येच. तिथलं अंतर ५० मीटर.)

खेळ सोपा आहे. दोन टीम, मैदानाच्या दोन टोकांना दोन फळ्या. प्रत्येकाला दोन बाण. सगळ्यांचे मारून झाले की चालत पलीकडे जायचं आणि तिथून उलट्या दिशेने मारायचं. फळीला लागला तर दोन पॉइंट, मधल्या ठिपक्यात लागला तर तीन, फळीपासून एका बाणाच्या लांबीच्या आत रुतला तर एक. आधी २५ करेल तो सेट जिंकला.

आता ऐका खरी गंमत. नेम धरलेला असताना फळीच्या आसपास माणसं उभी असतात! अगदी दोन-चार पावलांवर. स्वतःच्या टीमची माणसं हात हलवून ‘जरा डावीकडे’, ‘थोडा वर’ असं खुणावतात. दुसऱ्या टीमची माणसं समोर नाचून, ओरडून, टोमणे मारून नेम चुकवायला बघतात. हे सगळं नियमात बसतं, आणि सामना मोठा असेल तर टोमणे मारण्याला स्वतंत्र मान असतो. बाण आला की सगळे झटकन बाजूला. कधीकधी लागतोही, आणि तेव्हा तो विनोद राहत नाही.

आमच्या गाइडला विचारलं, ‘यांना भीती नाही वाटत?’ तो हसला. ‘डर कैसा, मॅडम? जो मार रहा है, वो अपना ही आदमी है.’

तो एक बाण

आयकार्डवाले गृहस्थ पन्नाशीचे असावेत. त्या संध्याकाळी त्यांचं काहीच जमत नव्हतं. एक बाण फळीच्या अलीकडे मातीत, पुढचा वरून पार मागच्या बांधात. प्रत्येक वेळी पलीकडून हुर्यो. गाइड हसत हसत भाषांतर करत होता. कुणी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगत होतं, कुणी ‘घरी जा, जेवण गार होतंय’ म्हणत होतं. काका शांत. ना चिडले, ना कारणं दिली.

ऊन डोंगरावर सरकलं होतं. त्यांनी शेवटचा बाण लावला. केबल गालापर्यंत ओढली, थांबले, सोडला.

आणि मग काहीच नाही! एवढ्या अंतरावर बाण दिसतच नाही हो. सुटतो आणि हवेत विरघळतो. मारणाऱ्यालाही कळत नाही लागला की गेला. काका धनुष्य खाली करून समोर बघत उभे राहिले. एक सेकंद, दुसरा सेकंद...

पलीकडच्या टोकाला एक हात वर गेला. मग दुसरा. मग एक लांब आरोळी. त्यांच्या टीमची माणसं फळीसमोर रांगेत उभी राहिली आणि नाचायला लागली. संथ पावलं, वर उचललेले हात, सोबत दोन ओळींचं गाणं. ना कप, ना प्रेक्षक. साधी प्रॅक्टिस. दोन पॉइंट.

काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते हा नाच बघून. बाण लागल्याचं त्यांना फळीनं नाही, मित्रांनी सांगितलं होतं. इकडे उभ्या असलेल्या विरुद्ध टीमच्या एकानं, जो मघापासून सगळ्यात जोरात चिडवत होता, त्यानंच त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग कमरेच्या पट्ट्यात एक रंगीत कापड खोचलं गेलं. बाण लागला की हा मान मिळतो.

आपल्यालाही ‘टार्गेट’ हा शब्द रोजचाच, नाही का? मंथ-एंड, क्वार्टर-एंड, वर्षातून एकदा अप्रेझल. टार्गेट पूर्ण झाल्याचं एका मेलमधून कळतं, आणि मेल वाचून होईपर्यंत पुढचं टार्गेट आलेलं असतं. बाजूच्या डेस्कवरचा आपल्यासाठी शेवटचा कधी नाचला होता, आठवतंय?

पाच मिनिटांनी काका मैदान ओलांडून पलीकडे गेले. आता मारायची पाळी दुसऱ्यांची होती. काका फळीपासून चार पावलांवर उभे राहिले आणि हात हलवून खुणावू लागले. जरा डावीकडे, थोडा वर...

जायचंय?

• भारतीयांना पासपोर्ट किंवा व्होटर आयडी चालतो. २०२२ पासून भारतीय पर्यटकांना दर रात्रीमागे माणशी १,२०० रुपये फी आहे, बजेट करताना विसरू नका.

• विमानाने पारो, तिथून रस्त्याने थिंफू. किंवा बागडोगऱ्याहून जयगाव-फुंतशोलिंगमार्गे घाटाचा रस्ता.

• मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बेस्ट. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

• मैदानावर कडेला, नेम मारणाऱ्यांच्या मागे उभे राहा. मधून शॉर्टकट मारायचा मोह अजिबात नको! आणि कुणाचा बाण लागला की बिनधास्त टाळ्या वाजवा. कुठल्या टीमचा, हे विचारू नका.