फोटो लागला

बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात संध्याकाळी दोन तऱ्हेची गर्दी असते. एक नाटकाला आलेली, घाईतली. दुसरी जिना चढून कलादालनात जाणारी. हिला कसली घाई नसते. खरं तर नाटकाला अजून अवकाश आहे म्हणूनच यातले निम्मेअधिक वर आलेले असतात. १९६८ साली उघडलेल्या या वास्तूत नाटकाच्या शेजारी चित्रांनाही भिंती मिळाल्या, हे पुण्यावर मोठेच उपकार आहेत. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या पायऱ्या चढायला ज्यांना उगीचच संकोच वाटतो, ते इथे हातात भाजीची पिशवी घेऊनही बिनदिक्कत शिरतात.

फोटोंच्या स्पर्धेचं प्रदर्शन असलं की या दालनाची कळाच बदलते. चित्रकाराच्या प्रदर्शनाला त्याचे मित्र आणि जाणकार येतात. इथे मात्र अख्खी घरं येतात. कुणी बँकेत आहे, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी कॉलेजातली पोरगी. ‘माझा फोटो लागलाय’ एवढा एक निरोप नातेवाइकांत फिरलेला असतो. परवा एक आजी खुर्चीवरून उठून नातवाच्या फोटोपर्यंत गेल्या, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, “अरे, ही तर आपली सखूबाई! तिला सांगितलंस का?” नातू गप्प. भिंतीवर चुलीच्या उजेडात भाकरी थापणाऱ्या बाईचा चेहरा, कपाळावर चिकटलेली केसांची बट, पिठाने पांढरी झालेली बोटं, आणि खाली इंग्रजी शीर्षक. सखूबाईंना प्रदर्शनाचं आमंत्रण नव्हतं.

हा फोटो इथवर कसा पोचतो, हे बघण्यासारखं असतं. परीक्षक बहुधा तिघे. पूर्वी उजेडात ठेवलेल्या घोडीवर एकेक प्रिंट ठेवली जायची, एक जण ती चढवायचा, दुसरा उतरवायचा. आता बऱ्याच ठिकाणी पडद्यावर प्रतिमा येते आणि परीक्षक हातातल्या यंत्राचं बटण दाबतात. काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, फक्त क्रमांक. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे गाण्यात घराणं विचारतात, लग्नात आडनाव विचारतात; इथे कुणी काही विचारत नाही. मात्र त्या क्रमांकाच्या वाट्याला वेळही किती येतो? काही सेकंद. हजारभर फोटो एका दिवसात हातावेगळे करायचे, तर दुसरं काय होणार!

आणि मग गुणांची बेरीज. समजा, एका फोटोला तिघांनी ६, ५, ५ दिले. बेरीज १६. दुसऱ्यावर एक परीक्षक बेहद्द खूश, त्याने ९ दिले. उरलेल्या दोघांना तो अजिबात पटला नाही, त्यांनी ३, ३. बेरीज १५. प्रवेशाची रेषा १६ वर आखली, की कुणालाच न खुपणारा पहिला फोटो भिंतीवर आणि एकाला तरी हलवून गेलेला दुसरा घरी परत. यात कुणी लबाडी केलेली नसते. गणितच तसं आहे.

म्हणून तर अशा भिंतींवर तेच तेच विषय भेटतात. जेजुरीची सोमवती आणि हवेत उडालेला भंडारा. दिवे घाटाची वळणं चढणारी वारी. तालमीतली लाल माती. धनगराची मेंढरं आणि धुळीतून तिरपी उतरलेली किरणं. विषयांचा दोष नाही. खंडोबा आणि विठोबा कुणाच्याही कॅमेऱ्याला पुरून उरतील. पण भंडाऱ्याचा पिवळा रंग काही सेकंदांत डोळ्यांत भरतो, तसा एसटी स्टँडवर बसलेल्या बाईचा कंटाळा भरत नाही. त्याला जरा वेळ द्यावा लागतो, आणि तोच परीक्षकांपाशी नसतो. हल्ली सोमवतीला गडावर भक्तांपुढे कॅमेरेवाले उभे असतात आणि भंडारा ‘पुन्हा एकदा’ उधळायची विनंती होते म्हणतात. खंडोबा सोसतोय.

तरी परीक्षकांवर नुसता राग काढणं बरं नव्हे. १८८७ साली लंडनच्या ‘अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाने सुट्टीत काढलेल्या फोटोंची स्पर्धा घेतली. परीक्षक पी. एच. एमर्सन. त्याने पहिलं बक्षीस दिलं जर्मनीत शिकणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या, कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या पोराला. इटलीत टिपलेली हसरी मंडळी, एवढाच त्या फोटोचा विषय. पोराचं नाव आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. पुढे अमेरिकेत फोटोग्राफीला कला म्हणून मान मिळवून देण्यासाठी याच माणसाने हयात खर्ची घातली. गंमत पुढेच आहे. तीन-चार वर्षांत एमर्सनने स्वतःच जाहीर करून टाकलं, की फोटोग्राफी ही कला नव्हेच! परीक्षकाचं मत बदललं, पण त्याने दिलेला निकाल खरा ठरला.

आपल्याकडेही हौशी फोटोग्राफीचं हे वेड जुनंच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही वैद्यकी सांभाळून फोटो काढणाऱ्यांपैकी. तेव्हा बँकेतून सुटल्यावर कॅमेरा गळ्यात घालणाऱ्यांची परंपरा काही कालची नाही.

या प्रदर्शनांत मला एकच गोष्ट खटकते. भिंतीवर शीर्षक असतं, नाव असतं, बक्षिसाची फीत असते. हा फोटो का निवडला, ते मात्र कुठेच नसतं. बघणारे मग आपापल्या परीने कारण शोधतात आणि शेवटी ‘कॅमेरा कुठला?’ यावर गाडी येते. घरी परत गेलेल्या फोटोवाल्याला तर आपलं काय चुकलं, की काहीच चुकलं नाही, हेही कळत नाही. आयोजकांनी सगळ्या फोटोंचं सोडावं. पण बक्षीस मिळालेल्या फोटोंखाली परीक्षकांकडून दोन-दोन ओळी लिहून घ्याव्यात, मराठीत. तिघांचं जमलं नसेल तर तसंही लिहावं. हॉलचं भाडं, माउंट, उद्घाटनाचा चहा-वडा एवढा खर्च होतो, त्यात दोन ओळींच्या चिठ्ठ्या सहज बसतील.