सामायिक सपरी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जुन्या घराला सपरी असते. शेणाने सारवलेली, दोन-चार लाकडी खांबांवर तोललेली ही जागा घराची असते आणि रस्त्याचीही असते. तिथे कुणी दोर वळत बसलेले असते, कुणी मोहफुले निवडत असते, एखादे पोर पाटीवर अक्षरे गिरवत असते. रस्त्याने जाणारा माणूस न बोलावता टेकतो, पाणी पितो, पावसाचे बोलतो आणि उठून जातो. प्रत्येकाचे काम आपापले, पण एकटे कुणी नाही. हाच अनुभव आज जगातली मोठी शहरे भाड्याने देतात. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-तज्ज्ञाने एकट्याने काम करणाऱ्यांसाठी अशी एक जागा उघडली आणि तिला ‘कोवर्किंग’ म्हटले. पुढच्या काही वर्षांत हा शब्द शहरांतून गावोगाव पसरला. टेबल, वीज, इंटरनेट, कॉफी आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस एवढे त्याचे भांडवल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या शब्दाचे काय काम, असे कुणालाही वाटेल. मला मात्र वाटते की सोबतीने काम करण्याचे शहाणपण या पट्टीने फार आधी कमावले आहे. सिमेंटच्या घरांबरोबर सपरी नाहीशी होत असताना ते शहाणपण चिमूरसारख्या तालुक्याच्या गावाने जाणीवपूर्वक पुन्हा उभे करायला हवे. आणि अशी जागा टिकते ती खुर्च्यांच्या जोरावर टिकत नाही. तिची मालकी कुणाची आणि तिथला रिवाज कोणता, यावर तिचे आयुष्य ठरते.

युरोपातल्या बंदरांकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. फ्रान्सचे मार्सेय हे भूमध्य समुद्रावरचे प्राचीन बंदर. तिथल्या बेल द मे वस्तीत तंबाखूचा मोठा सरकारी कारखाना होता. तो १९९० च्या सुमारास बंद पडला आणि १९९२ पासून नाटकवाले, चित्रकार, संगीतकार त्या रिकाम्या इमारतींत शिरले. सुमारे ४५ हजार चौरस मीटरच्या त्या आवारात आज तालमीच्या खोल्या आहेत, कार्यशाळा आहेत, पुस्तकांचे दुकान आहे, उपाहारगृह आहे, आणि काम करणाऱ्या आईबापांच्या लेकरांसाठी पाळणाघरही आहे. या साऱ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे २००७ पासून हा कारभार एक सहकारी संस्था चालवते आणि तिथे काम करणारे लोकही तिचे भागधारक आहेत. जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरात २००९ साली दुसरा प्रसंग घडला. गेंगेफिअर्टेल ही जुन्या गल्ल्यांची वस्ती नगर प्रशासनाने एका गुंतवणूकदाराला विकली होती. कलावंतांनी तिथल्या रिकाम्या घरांत ठाण मांडले, गावाने त्यांची बाजू घेतली आणि त्याच वर्षाअखेर प्रशासनाला ती वस्ती परत विकत घ्यावी लागली. उलट अनुभवही युरोपात कमी नाही. जिथे जागा केवळ जमीनमालकाची राहिली, तिथे कलावंतांमुळे वस्तीला नाव मिळाले, नावामुळे भाडे वाढले आणि वाढलेल्या भाड्याने त्याच कलावंतांना बाहेर काढले. म्हणजे जुनी इमारत आणि नवे टेबल एवढ्यावर काही ठरत नाही. त्या छताखाली निर्णय कोण घेतो, यावर सगळे ठरते.

आपल्याकडे समुद्र नाही, पण बंदर म्हणजे तरी काय? माल आणि माणसे जिथे उतरतात, चढतात आणि एकमेकांना भेटतात, ते बंदर. या अर्थाने वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे जंगलाचे बंदरच. गडचिरोली जिल्ह्याला कित्येक दशके रेल्वेचे स्थानक होते ते हेच. आणि झाडीपट्टी रंगभूमीची राजधानीही हेच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरू लागली, शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती झाल्या, की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. रात्री पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमाराला प्रेक्षक घोंगडी झटकून उठतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतली गावे नाटक ठरवायला वडशाला येतात, कारण नाट्यमंडळांची कार्यालये तिथे शेजारी-शेजारी आहेत. एका मंडळाचा तबलजी आजारी पडला तर दुसऱ्याकडचा मिळतो, नवा लेखक संहिता घेऊन चार दारे ठोठावू शकतो, पडदे रंगवणारा, ध्वनिक्षेपक लावणारा, पोशाख शिवणारा, पत्रके छापणारा हे सगळे हाकेच्या अंतरावर असतात. ही रंगभूमी उभी आहे ती तिकीट काढून जमिनीवर बसणाऱ्या प्रेक्षकाच्या बळावर. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे मान वळवून पाहिले. पण एका बाजारात एकत्र बसल्याने कला आणि पोट दोन्ही कसे चालते, हे वडशाने त्याआधीच करून दाखवले होते.

वडसा हे शेजाराचे उदाहरण झाले. मालकीचे आणि रिवाजाचे उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात सापडते. गोटूल ही गोंड-माडिया गावाची सामायिक वास्तू. तिथे तरुण जमतात, पाहुणा उतरतो, ढोल टांगलेला असतो आणि गावाचे प्रश्नही तिथेच निघतात. मेंढ्याने या परंपरेला अभ्यासाची जोड दिली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती, यांनी अभ्यासगट सुरू केला. अभ्यासगटात कुणीही यावे, कायदा वाचावा, शंका काढावी, बाहेरच्या जाणकाराला विचारावे. निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यावा आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. विचार करण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवणे, पण दोन्हींत तीच माणसे असणे, हा त्या गावाचा मोठा शोध आहे. त्याचे फळ कागदावर दिसते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात. मार्सेयच्या कारखान्यात तंबाखू वळली जात होती, आपल्या रानात विडीचे पान खुडले जाते. दोन्ही ठिकाणी दिवस पालटला तो राबणाऱ्या माणसाच्या हाती कारभार आला तेव्हा.

आता चिमूरकडे वळू. चिमूर, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही यांसारख्या गावांत आज एक नवी वास्तू दिसते, ती म्हणजे अभ्यासिका. महिन्याचे शुल्क, फळ्यांनी वेगळी केलेली टेबले, डोक्यावर पंखा, भिंतीवर शांततेची पाटी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकात बुडालेली मुले-मुली. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी तलाठ्याची, कुणी लोकसेवा आयोगाची. घरी खोली एक, माणसे सहा आणि दूरदर्शन चालू, अशा घरातल्या लेकराला हे टेबल म्हणजे मोठा आधार आहे. कोवर्किंगची मागणी या भागात आहे का, असे विचारणाऱ्याने अभ्यासिकेच्या दारातल्या चपला मोजाव्यात. पण या जागेत एक उणीव आहे. शेजारी बसलेली मुलगी काय वाचते, हे वर्षभरात कुणी विचारत नाही. सगळे एकाच दरवाज्याकडे तोंड करून रांगेत उभे असल्यासारखे बसतात. भरती निघते मोजक्या जागांची. ज्यांची निवड होत नाही, ते ज्ञानासकट घरी परततात आणि टेबल दुसऱ्याला मिळते. अभ्यासिकेने टेबल दिले, गोटूल दिले नाही. एकाग्रता दिली, संगत दिली नाही. कामाच्या जागेला दोन्ही लागते.

पहिला आक्षेप इथेच येईल. मुलांना हवे काम, तुम्ही देता खोली. कामच नसेल तर सोबतीने बसून करायचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि खोली बांधल्याने कारखाना उगवत नाही, हेही खरे. पण या तालुक्यात काम नाही असे म्हणताना आपण काय पाहतो? ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. देशोदेशीचे पर्यटक तिथून जंगलात जातात आणि त्यांच्या येण्यावर वाहन, वाटाड्या, मुक्काम, जेवण, छायाचित्रे, माहितीपत्रके अशी साखळी उभी राहते. तालुक्याबाहेर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. नागभीड-आरमोरीकडे कोसा रेशमाचे विणकर आहेत. झाडीबोलीत लिहिणारे कवी आणि नाटककार आहेत. यातला प्रत्येक जण आज एकटा आहे. कोसा विणणाऱ्याला चांगले छायाचित्र काढता येत नाही, छायाचित्र काढणाऱ्याला हिशेब ठेवता येत नाही, हिशेब येणारी पदवीधर मुलगी अभ्यासिकेत सहाव्या वर्षीही टेबल धरून आहे. ही तिघे एका सपरीत बसली तर नवा कारखाना लागणार नाही. असलेल्या कामाला तोंड फुटेल. वडशाचा अनुभव हेच सांगतो. तिथे आधी शेजार जमला, मग त्या शेजाराने रोजगार वाढवला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जे सर्वांचे, ते कुणाचेच नसते. गावोगावची समाजमंदिरे पाहा. काहींना कुलूप, काहींत सिमेंटची पोती, काहींवर एकाच जातीचा किंवा एकाच पुढाऱ्याचा हक्क. शिवाय जुन्या सपरीचे गोडवे गाताना हे विसरू नये, की तिथे कोण टेकू शकतो आणि कुणी पायरीखालीच थांबायचे, हेही ठरलेले असे. बाईमाणसाला तर सपरीत निवांत बसण्याची मुभा क्वचितच. म्हणून परंपरा जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिच्यातला मोकळेपणा घ्यावा आणि भेद उंबऱ्याबाहेर ठेवावा. शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमट्यांनी १९४९ पासून आनंदवन उभे केले. ज्यांना समाजाने हात लावायला नाकारले, त्याच कुष्ठमुक्त माणसांच्या हातांनी तिथे माग चालले, सुतारकाम झाले, शेती पिकली. कामाची सामायिक जागा माणसाला प्रतिष्ठा परत देऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्रात नाही. कुलपाच्या प्रश्नाचे उत्तर मेंढ्याकडे आहे. किल्ली एका माणसाकडे नको, वापरणाऱ्यांच्या सभेकडे हवी. सभेत मुली हव्यात, येण्याजाण्याच्या वेळा त्यांना सोयीच्या हव्यात आणि जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर लागायला हवा.

इमारतींचा प्रश्न उरतो आणि तो सर्वांत सोपा आहे. युरोपच्या बंदरांकडे बंद कारखाने आणि रिकामी घरे होती, आपल्याकडे सार्वजनिक वाचनालये आहेत, समाजमंदिरे आहेत, देवळांचे मंडप आहेत. चिमूरला तर त्याहून मोठी ठेव आहे. याच तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात तुकडोजी महाराजांनी साधना केली आणि पुढे खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे सामुदायिक प्रार्थनेला बसवली. गरीब-श्रीमंत, जातपात बाजूला ठेवून ओळीने, जमिनीवर, एका वेळी. बसण्याची ही शिस्त लहान गोष्ट नव्हती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, हेच चिमूर गाव एकदिलाने इंग्रजी सत्तेविरुद्ध उभे राहिले. एकत्र बसायला शिकलेली माणसेच एकत्र उठू शकतात, हे चिमूरने एकदा रक्त सांडून सिद्ध केले आहे. त्या गावातल्या मुलांनी फळ्यांच्या आड एकेकटे बसून हंगामामागून हंगाम घालवावेत, हे त्या वारशाला शोभत नाही.

म्हणून चिमूरकरांना एवढेच सांगणे आहे. नव्या इमारतीची वाट पाहू नका. अभ्यासिकेतला संध्याकाळचा एक तास मोकळा करा, टेबलांमधल्या फळ्या बाजूला घ्या, सतरंजी अंथरा आणि विणकराला, वाटाड्याला, नाटकवाल्याला, शेतकऱ्याला आत बोलवा. प्रत्येकाने आपले अडलेले काम सांगावे, ज्याला जमते त्याने हात लावावा. तिथूनच सुरुवात होईल.