रात्री पाय का वळवळतात?



आजचा विषय अभ्यासाबाहेरचा वाटेल, पण तो वर्गापर्यंत पोहोचतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काहींच्या पायांत वळवळ सुरू होते. धड दुखणंही नाही, धड बधिरपणाही नाही. पोटरीच्या आत मुंग्या चालल्यासारखं वाटतं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच.

मला हा त्रास गरोदरपणात सुरू झाला. धानोऱ्यातल्या शेजारणी म्हणाल्या, "दिवसभर उभं राहून शिकवता ताई, पाय दुखणारच." पण थकलेला पाय आराम मिळाला की शांत होतो. हा पाय आराम करतानाच जागा होतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास थांबतो, माझा राहिला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन कमी निघालं.

या आजाराला 'रेस्टलेस लेग्स सिंड्रोम' म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी त्याला हे नाव दिलं. मेंदूतलं लोह आणि डोपामिन यांच्याशी त्याचा संबंध आहे. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मूत्रपिंडाच्या आजारातही होतो.

आता मुलांकडे येऊ. लहान मुलाला हे नीट सांगता येत नाही. "पायात किडे चालतात" एवढंच ते म्हणतं. रात्री झोप होत नाही, मग वर्गात पेंगतं किंवा सारखी चुळबूळ करतं. आपण त्याला चंचल म्हणून मोकळे होतो. ओरडण्याआधी एकदा विचारावं, "बाळा, रात्री झोप लागते का?"

अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी लोहगोळी मिळते. ती जेवणानंतर, आपल्यासमोर गिळली जाईल असं पाहावं. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. भाजी-वरणावर लिंबू पिळलं तर जास्त शोषलं जातं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एक गोष्ट विसरू नका. इथे सिकलसेल आहे. त्यात हाडं तीव्र दुखतात, चालून बरं वाटत नाही, कधी हातपाय सुजतात, ताप येतो. अशा मुलाला लगेच दवाखान्यात न्यावं. सिकलसेल असलेल्याला लोहाचं औषध मनाने देऊ नये, आधी तपासणी करून घ्यावी.

मला उपयोगी पडलेले उपाय सांगते: संध्याकाळनंतर चहा बंद, झोपण्याआधी पोटऱ्यांना ताण देणं, कोमट पाण्यात पाय, हलकं तेल-मालीश आणि झोपेची ठरलेली वेळ. लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू केली. फरक पडायला काही महिने लागले. अजूनही एखादी रात्र जागण्यात जाते, पण आता भीती वाटत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही वळवळ वाढते, म्हणून औषध घेताना डॉक्टरांना हा त्रास सांगते.

पुढच्या पालकसभेत पाच मिनिटं या विषयाला द्या. "चालून चालून दुखत असतील" असं स्वतःला समजावत एखादी आई रात्र-रात्र जागत असेल. तिला कारण कळलं, तर ती तपासणीला जाईल.